शिंदे घाट आणि त्याचे शेजारी

काशीत दशाश्वमेधापासून नावेने उत्तरेकडे निघाले, म्हणजे मानमंदिर, त्रिपुराभैरवी, मीर आणि ललिता हे घाट एकामागून एक मागे पडतात आणि मणिकर्णिकेचा धूर दिसू लागतो. गंगा येथे उत्तरवाहिनी आहे. त्यामुळे नाव प्रवाहाबरोबरच चालते, आणि हा धूर ओलांडायला फारसा वेळ लागत नाही. धूर सरला, की डाव्या हाताला पाण्यात रुतलेले आणि मागे कललेले एक शिखरयुक्त देऊळ लागते. त्याच्या पलीकडे दगडी पायऱ्यांची आणि भक्कम बुरुजांची जी मोठी रास वर चढत जाते, तोच शिंदे घाट. त्याच्याही पुढे संकठा, गंगामहाल आणि भोसले हे घाट आहेत. एका बाजूला महास्मशान, दुसऱ्या बाजूला संकठादेवी, समोर नद आणि वाळवंट, आणि पाठीशी अरुंद गल्ल्यांचे पक्के महाल, अशा चतुःसीमेत हा घाट बसला आहे.

महाराष्ट्रात घाट म्हटला, की डोंगर चढून जाणारी वाट डोळ्यांपुढे येते. काशीत घाट म्हणजे पाण्यात उतरणारी वाट. ही उतरण बांधून काढण्यात मराठी माणसाचा वाटा किती मोठा आहे, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. पहिल्या बाजीरावाच्या काळापासून पेशव्यांचा पैसा येथे आला. नारायण दीक्षित पाटणकरांनी १७४० च्या सुमारास ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट बांधविले. अहल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे केले आणि पुढे मणिकर्णिकेचा घाटही बांधला. नागपूरकर भोसल्यांनी आपल्या नावाचा घाट उठविला. ही नामावळी वाचताना छाती फुगते, आणि ती फुगावी हेही योग्यच आहे. परंतु या नामावळीत जो पैसा देतो त्याचेच नाव येते. ज्यांच्या शेजारात ही बांधकामे झाली, ज्यांनी त्यांचा दगड वाहिला आणि ज्यांच्यावाचून त्या पायऱ्यांवरचा एकही दिवस पार पडला नसता, ते डोम आणि मल्लाह तिच्यात कोठेच सापडत नाहीत. शिंदे घाटाचा इतिहास या शेजाऱ्यांना वगळून सांगता येत नाही.

घाट बांधविला बायजाबाईंनी. कागलच्या सर्जेराव घाटग्यांची ही कन्या १७९८ मध्ये दौलतराव शिंद्यांना दिली गेली. या लग्नाच्या वेळी सर्जेरावांनी पैशासाठी पुणेकर सावकारांचा आणि गृहस्थांचा जो छळ केला, तो पेशवाईच्या इतिहासातील अत्यंत लज्जास्पद प्रसंगांपैकी एक आहे. बापाने पुण्यात कमावलेली अपकीर्ती मुलीने काशीत धुवून काढली, असे कोणी म्हणेल, पण तसे म्हणणे बायजाबाईंवर अन्यायाचे होईल. त्या स्वतः मोठ्या कर्तृत्वाच्या बाई होत्या. १८२७ मध्ये दौलतराव निपुत्रिक वारले. त्यानंतर जनकोजीरावांना दत्तक घेऊन त्यांनी ग्वाल्हेरचा कारभार हाती घेतला आणि १८३३ पर्यंत तो चालविला. सावकारी त्यांना उत्तम कळत असे. याच वर्षांत त्यांचे लक्ष काशीकडे वळले. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा चाळीसहून अधिक दगडी खांबांचा मंडप त्यांनी १८२८ मध्ये बांधविला आणि १८३० च्या सुमारास हा घाट हाती घेतला. १८३३ मध्ये दत्तकपुत्राशी बेबनाव होऊन त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले, आणि पुढील अनेक वर्षे आग्रा, फतेगड, प्रयाग, नाशिक अशी परागंदा अवस्थेत गेली. मराठी वाचकांना त्यांची दुसरी ओळख गोडसे भटजींमुळे आहे. बायजाबाई मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, मोठी दक्षिणा मिळणार, असे ऐकूनच वरसईचे विष्णुभट १८५७ मध्ये घर सोडून उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. बाई १८६३ मध्ये वारल्या.

हा घाट रिकाम्या जागेवर उभा राहिला नाही. येथे आत्मवीरेश्वराचे जुने स्थान आहे. काशीखंडातील कथेप्रमाणे विश्वानर आणि शुचिष्मती या दांपत्याला वीरेश्वराच्या आराधनेने येथेच अग्नी हा पुत्र लाभला, आणि पुत्रकामनेने येणारी जोडपी अजून या देवाकडे येतात. शेजारी मणिकर्णिकेवर देह अग्नीच्या स्वाधीन होतो, आणि पलीकडच्या पायरीवर त्याच अग्नीचा जन्म सांगितला जातो. पुराणकारांना हा योग सुचला, की येथील वस्तीनेच तो त्यांना सुचविला, याचा विचार करण्यासारखा आहे.

बांधकामाचा दगड चुनारचा. काशीचे बहुतेक घाट याच फिकट पिवळसर वालुकाश्मात उभे आहेत. चुनार गंगेच्याच काठी, काशीच्या वरच्या अंगाला असल्याने दगड नावांत भरून प्रवाहाबरोबर खाली आणणे ही सोयीची रीत होती. जड शिळांनी लादलेली नाव वळणावळणातून, उथळ जागा चुकवीत आणणे हे मल्लाहांचे काम. ज्यांना आज निषाद, केवट, साहनी अशा नावांनीही ओळखतात, ते हेच लोक. रामाला गंगापार करणाऱ्या केवटाशी आणि शृंगवेरपुरच्या गुहाशी ते आपले नाते सांगतात. समोरच्या तीरावरची वाळूही तेच आणीत. पूर ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या त्या वाळवंटात टरबूज, खरबूज आणि काकडी लावण्याचा त्यांचा वहिवाटीचा हक्क असे. हे वाळवंट वर्षातून काही महिने पाण्याखाली जाते. पाणी उतरले म्हणजे ते दरवर्षी थोड्या निराळ्या आकारात वर येते, आणि ते पुन्हा वाटून घेण्याची रीत नावाड्यांच्या पंचांनाच ठाऊक होती.

बायजाबाईंचा घाट मात्र नदीला मानवला नाही. तो फार भव्य होता आणि म्हणूनच फार जड होता. काही वर्षांतच तो खचू लागला. १८६८ मध्ये काशीवर ग्रंथ लिहिणाऱ्या शेरिंग या पाद्रीने त्याचे जे वर्णन केले आहे, त्यात या अवाढव्य बांधकामाला वरपासून खालपर्यंत तडे गेलेले आहेत आणि ते कित्येक फूट खाली बसलेले आहे. देवाचा कोप झाला असे त्या काळी बोलले गेले असल्यास नवल नाही, पण कारण नदीच्या स्वभावातच आहे. काशीजवळ गंगा चंद्रकोरीसारखी वळते आणि शहर या वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे पाणी ज्या काठाला कापीत जाते त्या काठावर वसले आहे. पावसाळ्यात पाणी हिवाळ्यातील पातळीपेक्षा दहा मीटरांहूनही अधिक चढते. येथे धोक्याची रेषा ७१.२६ मीटरांवर मानतात आणि १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९० मीटरांपर्यंत गेले होते. पूर असेपर्यंत काठाची माती पाणी पिऊन फुगते. पूर झपाट्याने ओसरला, की बाहेरून आधार देणारे पाणी निघून जाते, आतली ओली माती मात्र बाहेर ढकलू लागते, आणि वर दगडाचा डोंगर असेल तर तो तिच्यासह सरकतो. कललेले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ याच कारणाने सुमारे ९ अंशांनी झुकले असावे. एकोणिसाव्या शतकातील जुन्या चित्रांत आणि छायाचित्रांत ते सरळ उभे दिसते. एका चाकराने देऊळ बांधून आईचे ऋण फेडल्याची बढाई मारली आणि देऊळ कलंडले, ही लोककथा अधिक गोड आहे. मातृऋण फिटत नाही असे सांगायला लोकांना पाण्यात वाकलेल्या देवळाइतका चांगला दाखला दुसरीकडे कोठे मिळाला असता?

जड दगड सरकला. शेजारी मात्र जागचे हलले नाहीत. मणिकर्णिकेवरील डोम समाजाची व्यवस्था कोणत्याही संस्थानाच्या सनदेवर उभी नव्हती. चितेसाठी लागणारा अग्नी डोमाकडून घ्यावा लागतो, त्याचा कर त्याला द्यावा लागतो, आणि हा अग्नी अखंड तेवत ठेवणे हा त्याचा अधिकार आणि त्याचे कर्तव्य. हे काम कुटुंबाकुटुंबांत पाळ्यांनी वाटलेले असते. या पाळीला ते ‘पारी’ म्हणतात. ती वारसाने मुलांत विभागली जाते, लग्नात आणि कर्जात तिची देवघेव होते, आणि पिढ्या वाढत गेल्या, की एखाद्याच्या वाट्याला वर्षातले मोजकेच दिवस उरतात. राजा हरिश्चंद्राने स्वतःला काशीच्या डोमाला विकले, ही कथा त्यांना आपल्या अधिकाराचे प्रमाणपत्र वाटते. त्यांच्या प्रमुखाला डोमराजा म्हणतात, आणि गंगेकाठच्या त्याच्या घरावर वाघांच्या मूर्ती आहेत. घाटांवर राजांची घरे पुष्कळ आहेत. पण इतर राजांची राज्ये गेली आणि ज्याला लोक अर्धवट थट्टेने राजा म्हणत त्याचे राज्य चालू राहिले. डोमराजा जगदीश चौधरी २०२० मध्ये वारले. त्यांना मरणोत्तर पद्मश्री २०२१ मध्ये जाहीर झाली.

यात एक गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. घाटामागच्या गल्ल्यांत आणि उत्तरेकडच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या आसपास जी मराठी वस्ती वाढली, ती मोठी विद्वान वस्ती होती. पैठणाहून आलेल्या भट्ट घराण्याने तिला आधीच कीर्ती मिळवून दिली होती. १६७४ मध्ये शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. एकनाथमहाराजांनी भागवत १५७३ मध्ये येथेच पुरे केले. दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजीअप्पा येथे राहिले, आणि त्यांच्या आश्रयाला असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी झाशीच्या लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. या वस्तीचे ग्रंथ आहेत, वंशावळी आहेत, दानपत्रे आहेत. परंतु तिचा शेजाऱ्याशी व्यवहार विलक्षण होता. ज्याची सावली जन्मभर टाळायची, त्याच्याच हातचा अग्नी शेवटी मागायचा. शास्त्रार्थात भल्याभल्यांना निरुत्तर करणाऱ्या पंडिताचा देहही डोमाने दिलेल्या अग्नीवाचून पंचत्वात विलीन होत नसे. हा विरोध वस्तीला दिसत नव्हता असे म्हणवत नाही. तो रोज दिसे, इतका रोज, की दिसेनासा झाला.

मल्लाहांशी संबंध निराळा. त्यांचा स्पर्श वर्ज्य नव्हता आणि काम रोजचे होते. नावेचा घाटावरचा हक्क हाही वारसाचा. अमुक घाटावरून उतारू घेण्याचा अधिकार अमुक घरांचा. दुसऱ्या घाटाच्या नावाड्याने आपले उतारू येथे उतरवावेत, पण येथून नवे भरू नयेत. असा हक्क असलेल्याला घटवार म्हणतात. शिंदे घाट शिंद्यांचा खरा, पण त्याच्या शेवटच्या पायरीपाशी शिंद्यांची सत्ता संपे आणि घटवारांची सुरू होई. अस्थी प्रवाहाच्या मध्यावर नेणे, यात्रेकरूला पंचतीर्थी घडविणे, प्रसंगी बुडणाऱ्याला वर काढणे, हे सारे त्यांच्याकडे. मणिकर्णिकेच्या लाकडाच्या वखारीही नावांवरच अवलंबून होत्या.

मग रेल्वे आली. ईस्ट इंडियन रेल्वेचे रूळ १८६२ मध्ये गंगेच्या पलीकडे मोगलसराईपर्यंत पोहोचले. सराईचे ते लहानसे गाव लोहमार्गामुळे वाढत वाढत मोठे जंक्शन झाले. १९०४ मध्ये लालबहादूर शास्त्रींचा जन्म तेथलाच. २०१८ पासून त्या स्थानकाला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचे नाव आहे. मार्च १८७० मध्ये जबलपुराजवळ मुंबईकडचे आणि कलकत्त्याकडचे रूळ जोडले गेले आणि महाराष्ट्रातील यात्रेकरूची महिनोन्‌महिन्यांची पायपीट काही दिवसांवर आली. तरीही मोगलसराईला उतरून शेवटी नदी ओलांडावीच लागे. ती गरजही १८८७ मध्ये संपली. राजघाटावर सडक आणि रेल्वे नेणारा डफरिन पूल झाला, आणि यात्रेकरू डब्यातूनच गंगादर्शन घेऊन काशीत उतरू लागला. या पुलाला १९४८ मध्ये मालवीयांचे नाव मिळाले. पुलाशेजारच्या काशी स्थानकाच्या विस्तारासाठी १९४० च्या सुमारास जमीन खणली, तेव्हा प्राचीन वाराणसीचे अवशेष हाती लागले. म्हणजे रेल्वेनेच या नगरीचे वय सिद्ध करण्यास हातभार लावला.

यात्रेकरूच्या दृष्टीने हा केवढा लाभ! एकेकाळी काशीस निघताना घरच्यांचा अखेरचा निरोप घेत, ती रीत मोडली. पण नावाड्याच्या बाजूने पाहिले तर याच वर्षांत त्याच्या पायाखालची जमीन, खरे तर पाणी, सरकले. धान्य, कापूस, दगड, उतारू हे सारे लांबचे वाहतुकीचे काम रुळांवर गेले. शेजारचे मिर्झापूर, कापसाचे एवढे मोठे पेठेचे गाव, त्यातून कधी सावरले नाही. मोठ्या नावांचा धंदा आटला आणि नावाडी घाटाला चिकटला. पूर्वी ज्याचे कार्यक्षेत्र शेकडो कोसांचे होते, त्याला आता दशाश्वमेध ते पंचगंगा एवढीच फेरी उरली. आज घाटावर दिसणारा नावाडी, सूर्योदयाला पाहुण्यांना फिरविणारा, हा सनातन काळापासून असाच आहे असे पाहणाऱ्याला वाटते. त्याला असे घडविले ते रेल्वेने.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडाच्या गवताळ मैदानांत, असेच काहीसे घडत होते. तेथील महामार्गाचे रूळ १८८५ मध्ये समुद्रापासून समुद्रापर्यंत जुळले आणि रुळांच्या कडेने लहान लहान गावे उभी राहिली. गावाचा इतिहास पहिल्या गाडीपासून मोजण्याची चाल पडली. क्री आणि ब्लॅकफूट ही जी माणसे त्याच्याही आधीपासून तेथे होती, त्यांच्याशी सरकारने १८७६ आणि १८७७ मध्ये तह केले आणि त्यांना राखीव जमिनींत बसविले. गाव एकीकडे, शेजारी दुसरीकडे. काशीत मल्लाहांशी वा डोमांशी कोणी तह केला नाही. त्यांच्या वाट्याला कायदे आले. १८७८ च्या उत्तर हिंदुस्थानच्या तरींच्या कायद्याने सरकारी ठरविलेल्या उतारांवर सरकारचा ताबा आला आणि उतराईचा मक्ता लिलावाने दिला जाऊ लागला. त्याआधी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याखाली संयुक्त प्रांतातील मगहिया डोमांसारख्या भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यात आले. हा कलंक पुसला जायला १९५२ साल उजाडावे लागले. महाराष्ट्रात पारध्यांनी आणि भामट्यांनी तोच कायदा भोगला आहे, त्यामुळे त्याचा अर्थ निराळा सांगण्याची गरज नाही.

शिंदे घाटाची पुनर्बांधणी १९३७ मध्ये शिंदे संस्थानाने केली. आज दिसतो तो मुख्यतः हा दुसरा घाट. पुढे अकरा वर्षांनी ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. घाटाचे नाव राहिले आणि पायऱ्या सर्वांच्या झाल्या.

नावाड्यांचे प्रश्न मात्र संस्थानांबरोबर विलीन झाले नाहीत. १९८९ मध्ये रामनगरपासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे सात किलोमीटरांचा प्रवाह कासवांसाठी अभयारण्य ठरला. अर्धवट जळालेली प्रेते कासवांनी खाऊन नदी स्वच्छ ठेवावी, अशी ती कल्पना. त्यामुळे वाळू काढणे आणि मासेमारी बंद झाली, आणि वाळवंटाची पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी एका अधिसूचनेने थांबली. ते अभयारण्य २०२० मध्ये येथून उठविण्यात आले; तोपर्यंत तीस वर्षे उलटली होती आणि तरुण पोरे दुसऱ्या कामांना लागली होती. २०१८ मध्ये वातानुकूलित प्रवासी नौका गंगेत उतरली, तेव्हा नावाड्यांनी तिला विरोध केला, कारण ती कोणत्याच घाटाची नव्हती आणि कोणाच्याच पारीत बसत नव्हती. नंतर डिझेलची इंजिने काढून गॅसची बसविण्याची मोहीम झाली. २०२१ च्या डिसेंबरात विश्वनाथ मंदिरापासून थेट नदीपर्यंतचा प्रशस्त मार्ग खुला झाला. त्यासाठी जुन्या गल्ल्यांतील शेकडो घरे पाडली गेली, आणि जे मंदिर नदीवरून दिसत नसे त्याची वाट ललिता घाटावर येऊन उतरली. २०२३ च्या जुलैत मणिकर्णिकेच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. त्या आराखड्यात चितांचे चौथरे किती आणि लाकडाची जागा कोठे, हे आकड्यांत मांडता येते. पारी कोणाची आणि नाव कोठे बांधायची, हे मात्र कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नसते. ते विचारायला चौधरींच्या आणि निषादांच्या घरीच जावे लागते.

पावसाळा सरला, की शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर हातभर गाळ साचलेला असतो. तो पाण्याच्या जोराने धुऊन पुन्हा नदीत लोटतात. रत्नेश्वराच्या गाभाऱ्यात पाणी आणि चिखल त्यानंतरही बरेच दिवस भरलेला असतो. पाणी एकेक पायरी खाली जाते तसतसे नावाडी आपल्या नावांचे दोर सोडून खालच्या पायरीवर बांधतात, आणि पलीकडे वाळवंटाचा पहिला पट्टा वर येऊ लागतो.